उंबरठ्याआतली भूक



चालकांचे निमंत्रणाचे पत्र आले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी दिसली की, मी यंत्रमाग कामगारांच्या चळवळीवर बोलावे. माझे आयुष्य त्यातच गेले आहे, तेव्हा अपेक्षा वाजवीच होती. परंतु मी उलट कळवले की, मला डब्यावर बोलायचे आहे. त्यांना वाटले, हे गृहस्थ मुंबईच्या डबेवाल्यांची हकीकत सांगणार. तीही थोडी सांगेन. पण माझा विषय निराळा आहे. जी म्हातारी माणसे घराबाहेर पडू शकत नाहीत आणि ज्यांच्या घरी रांधून वाढणारे कोणी उरलेले नाही, त्यांच्या घरी रोज वेळेवर जेवण कोणी आणि कसे पोचवायचे, एवढाच तो विषय.

मी विद्वान नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण मागाच्या खडखडाटात, युनियनच्या कचेरीत आणि इचलकरंजीच्या आपटे वाचन मंदिरात झाले. त्यामुळे माझ्या बोलण्यात ग्रंथांपेक्षा हजेरीपटाचा उल्लेख अधिक आला, तर तो सांभाळून घ्यावा.

हा विषय दुसऱ्या गावी मांडायचा तर प्रस्तावना लांबली असती. वाडीत तिची गरज नाही. अन्नाचे मोल या गावाला कोणी शिकवायला नको. दत्ताचे क्षेत्र म्हटले की माधुकरी आलीच. पुजारी मंडळींच्या घरी परगावच्या यात्रेकरूंचा स्वयंपाक होतो, नैवेद्य होतो, महाप्रसादाच्या पंगती उठतात. पौर्णिमेला तर गावात पाय ठेवायला जागा नसते. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे धरून कित्येकांनी विद्या केली. ही सारी आपली मोठी पुण्याई आहे आणि तिला नाव ठेवायला मी आलेलो नाही.

परंतु या सगळ्या व्यवस्थांना एक अट आहे, आणि ती कोणत्याही पाटीवर लिहिलेली नसते. ती अट पायांची. माधुकरी मागणाऱ्याला दारोदार हिंडता आले पाहिजे. वारावर जेवणाऱ्याला त्या त्या घरी जाता आले पाहिजे. पंगतीत बसणाऱ्याला मांडी घालून बसता आले पाहिजे आणि बसल्यावर उठता आले पाहिजे. सरकारच्या योजनाही या अटीतून सुटलेल्या नाहीत. शाळेतल्या मुलाला पोषण आहार मिळतो, तो शाळेत गेल्यावर. २६ जानेवारी २०२० ला महाराष्ट्रात शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत, टाळेबंदीत ती पाच रुपयांना मिळू लागली. योजना चांगलीच, पण थाळी केंद्रावर. तामिळनाडूने १९८३ साली शाळेतल्या दुपारच्या जेवणात वृद्ध निवृत्तिवेतनधारकांनाही सामावून घेतले. आपल्या पुष्कळ पुढचे पाऊल, पण तिथेही केंद्रापर्यंत चालत जाणे आलेच. रांगेत उभा राहील त्याला जेवू घालण्याची विद्या आपण चांगली कमावली आहे. रांगेत जो दिसत नाही, तो जेवला की नाही हे मोजण्याची रीत मात्र आपल्याकडे नाही.

उंबरठ्याआत काय चालते ते सांगतो. तिथे दुष्काळातल्यासारखी उपासमार नसते, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. डब्यात पीठ असते, डाळ असते. मुलगा पुण्याला असतो, मुलगी त्याहून लांब. पैसा फोनवर येतो. भाकरी फोनवर येत नाही. गुडघे धरल्यामुळे ओट्यापाशी उभे राहवत नाही. हात थरथरतो, म्हणून कुकर उचलायची भीती वाटते. कवळी सैल झाली, म्हणून भाकरी सुटते. मग सकाळी चहाबरोबर बिस्किटे, दुपारी कालचा भात, रात्री पुन्हा चहा. विचारले तर उत्तर ठरलेले: "भूकच लागत नाही बघ." म्हातारपणी भूक मंदावते, तहानही कमी लागते, ही गोष्ट खरी आहे. पण डाळीत, दुधात, अंड्यात जे प्रथिन असते त्याची शरीराला असणारी गरज मंदावत नाही. ते मिळाले नाही की अंगावरचे मांस झडते, मांस झडले की तोल जातो, तोल गेला की माणूस न्हाणीघरात पडतो, आणि खुब्याचे हाड मोडले की पुढचे आपण सगळ्यांनी आपापल्या घरी पाहिलेले आहे. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण चुकले तर साखर एकदम खाली जाते, तो धोका वेगळाच.

देशभरच्या वृद्धांची एक मोठी पाहणी २०१७-१८ मध्ये झाली आणि तिचा अहवाल २०२१ साली बाहेर आला. साठी उलटलेल्यांत शंभरातले सुमारे सहा जण एकटे राहतात आणि सुमारे वीस जण केवळ नवराबायको असे राहतात, असे तीत दिसले. चौथ्या हिश्श्याहून अधिक वृद्धांचे वजन असायला हवे त्याहून कमी होते. वाडीतल्या गल्ल्यांत कोणत्या दारामागे कोण एकटे आहे, हे मला नव्हे, तुम्हालाच ठाऊक असणार.

बाहेरच्या जगाचे थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपल्याला घेण्याजोगे एक-दोन धागेच आहेत. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, हेमेल हेम्पस्टेड या गावी बायकांच्या स्वयंसेवक संघटनेने घरोघर जेवण पोचवायला सुरुवात केली. जुन्या बाबागाड्यांत गवत भरून, जुन्या फेल्ट हॅटी झाकून जेवण गरम ठेवीत, असे त्या काळाविषयी वाचायला मिळते. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी हे काम १९५४ साली सुरू झाले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पोर्ट ॲडलेड येथे डोरिस टेलर नावाच्या बाईंनी पहिले स्वयंपाकघर उघडले. या बाई लहानपणच्या अपघातामुळे स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून होत्या. मला या सगळ्या इतिहासात सर्वात मोलाची गोष्ट हीच वाटते. उंबरठ्याआतून जग कसे दिसते हे जिला ठाऊक होते, तिनेच उंबरठ्याबाहेरची व्यवस्था बांधली. आपल्याकडे भाईंदरला डॉ. उदय मोदी यांची श्रावण टिफिन सेवा अशीच निराधार वृद्धांच्या घरी डबे पोचवते. काम शक्य आहे, याचा पुरावा म्हणून एवढे पुरे.

आता इचलकरंजीचे. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले. उत्तरेकडचे आणि ओडिशाचे कामगार खोल्यांत अडकले, त्यांच्यासाठी आम्ही काही जणांनी चूल पेटवली. ते कामगार गावी गेले आणि चूल विझवायची वेळ आली, तेव्हा ध्यानात आले की, त्यांच्या खोल्यांमागच्या चाळींत आमचीच जुनी माणसे होती. कोणी चाळीस वर्षे माग चालवलेला, कोणी वहिफणी केलेला, कोणी जन्मभर कांड्या भरलेली बाई. माग सुरू असताना ती माणसे आम्हाला दिसत नव्हती, कारण मागावर नसलेला कामगार सभासदांच्या वहीत नसतो. चूल विझली नाही. सुरुवातीला अकरा डबे होते.

पहिल्या आठवड्यात डबे नेणारे वीस जण होते. हारतुरे झाले, छायाचित्रे निघाली. तिसऱ्या महिन्यात चौघे उरले. याचे मला नवल वाटले नाही, कारण संपाच्या पहिल्या दिवशी मोर्चाला येणारी आणि तिसाव्या दिवशी फाटकावर बसणारी माणसे कधी सारखी नसतात. उत्साह हा पावसाळी ओढा आहे; त्यावर बारमाही पीक घेता येत नाही. म्हणून आम्ही हजेरीपट घातला. पाळी ठरवली. प्रत्येक गल्लीला एक नेणारा आणि त्याचा एक बदली. नेणाऱ्याला खाडा करायचा असेल तर आदल्या रात्री आठच्या आत बदलीला सांगायचे. कारण विचारायचे नाही, पण न सांगता खाडा झाला तर नाव कमी करायचे. लोक म्हणाले, "अहो, फुकट सेवा करणाऱ्याला कसले आलेत नियम?" मी म्हणालो, सेवा फुकट असेल, पण दुपारी एक वाजता दाराकडे डोळे लावून बसलेल्या माणसाचे पोट फुकट नाही. ज्याने सांगितले की रोज येईन, त्याच्या भरवशावर त्या म्हाताऱ्याने चूल पेटवायची सोडलेली असते. तुम्ही एक दिवस गेला नाहीत, तर तो तुम्ही यायच्या आधी जसा होता तसा राहत नाही. त्याहून वाईट होतो.

मुंबईचे डबेवाले इथे आठवतात. १८९० पासूनची ती परंपरा. मावळ, खेड, जुन्नरकडची माणसे. झाकणावर रंगाच्या चार खुणा, आणि त्या खुणांच्या जोरावर डबा नेमक्या टेबलावर. परदेशी विद्यापीठांतली माणसे त्यांच्या बिनचूकपणाचे कौतुक करायला आली. त्या बिनचूकपणाचे मूळ मला तरी एकाच गोष्टीत दिसते. डबा हरवला तर कोणाचा हरवला हे गटातल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

पण याहून मोठे उदाहरण तुमच्या घाटावर आहे, आणि ते मी धिटाईने सांगतो. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत या देवाचा दिनक्रम शतकानुशतके चालू आहे. पूजेच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. पुजाऱ्याच्या घरी लग्न असो, सुतक असो, देवाचा नैवेद्य राहिला असे होत नाही. पाळी दुसऱ्याकडे जाते. कृष्णेला आणि पंचगंगेला पूर येतो, पाणी पादुकांवरून जाते, दक्षिणद्वार होते, मंदिर बुडते. तरी उत्सवमूर्ती वर हलवली जाते आणि नैवेद्य तिथे दाखवला जातो. २००५, २०१९, २०२१ च्या महापुरांत सगळ्या शिरोळ तालुक्याचे संसार वाहून जायची वेळ आली, पण देवाच्या ताटाला खाडा पडला नाही. हे भाविकपणाने झाले असे तुम्ही म्हणाल. मी कामगार माणूस, मी म्हणेन की भाविकपणाला पाळीपत्रकाची जोड होती म्हणून झाले. ज्या गावाला एवढी शिस्त शेकडो वर्षे साधली आहे, त्या गावाला वीस-पंचवीस डबे रोज एक वाजता पोचवणे अवघड जावे, हे मला पटत नाही.

माझे युनियनमधले तरुण सहकारी या कामावर नाराज असतात, आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. ते म्हणतात, "डबे वाटणे हे शेठजींचे काम. आपले काम हक्क मागण्याचे. भविष्यनिर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम २०१४ साली एक हजार रुपये ठरली. एवढ्यात माणूस महिनाभर जेवेल काय? आणि मागावरच्या कितीकांना तर तो निधीही लागू झाला नाही. श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ साली दीड हजार झाली, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. त्यासाठी लढायचे सोडून तुम्ही आमटीचे डबे कसले नेता?" 

याला उत्तर म्हणून मी त्यांना गुरुचरित्रातली तुमच्या समोरच्या तीरावरची गोष्ट सांगतो. अमरापूरचा तो गरीब ब्राह्मण. भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी घरची माणसे दारातल्या वेलीच्या घेवड्याच्या शेंगा शिजवून खात. श्रीगुरू त्यांच्या घरी भिक्षेला गेले, त्या शेंगा जेवले, आणि निघताना वेलच उपटून टाकली. घरची बाई रडू लागली. ब्राह्मण वेलीची मुळे काढायला गेला तो खाली द्रव्याचा हंडा लागला. माझे तरुण मित्र म्हणतात, "बघा, वेल तोडली म्हणून हंडा सापडला. दान तोडा, म्हणजे लोक हक्कासाठी खणायला लागतील." मी म्हणतो, बाबांनो, गुरूंना जमिनीखालचे दिसत होते. आपल्याला दिसत नाही. आपला हंडा मंत्रालयात आहे, न्यायालयात आहे, आणि तो बाहेर यायला किती वर्षे लागतील हे सांगता येत नाही. ज्याचे वय अठ्ठ्याहत्तर आहे त्याला तुमच्या खटल्याची पुढची तारीख परवडत नाही. शेंगा चालू ठेवा आणि खणणेही चालू ठेवा. आमचा नेणारा डब्याबरोबर श्रावणबाळचा अर्ज घेऊन जातो, हयातीचा दाखला करून आणतो, बँकेत पैसे आले का ते पाहतो. आणि मोर्चा निघतो तेव्हा निवेदनात आता नुसते "वृद्ध कामगारांचे हाल" असे मोघम वाक्य नसते. कोणत्या गल्लीत कोण कशावर जगते, हे आम्हाला घर पाहून ठाऊक असते.

मात्र शेठजींच्या दानाशी आमच्या डब्याची गल्लत होऊ नये म्हणून दोन-तीन गोष्टी आम्ही कटाक्षाने पाळतो. जेवणाऱ्याचे छायाचित्र काढायचे नाही. काढणाऱ्याने त्या दिवसापासून डबा नेऊ नये. ज्याला परवडते त्याने पूर्ण पैसे द्यायचे, ज्याला थोडे परवडते त्याने थोडे, ज्याला काहीच परवडत नाही त्याच्याकडे मागायचे नाही. आणि कोण किती देतो हे नेणाऱ्याला कळू द्यायचे नाही. सगळ्यांचे डबे बाहेरून सारखे. तिसरी गोष्ट तक्रारीची. एक जुने जॉबर, आमचे तात्या, पहिले तीन महिने डबा घेताना हात जोडत. मला ते हात बघवत नसत. ज्या माणसाने मालकासमोर कधी मान खाली घातली नाही, त्याने वाटीभर आमटीसाठी हात जोडावेत? एके दिवशी डबा घ्यायला गेलो तर तात्या दारातच उभे. "आमटीत मीठ न्हाई आज. उद्या बी असंच असंल तर आणू नगंस डबा. फुकाट खातोय म्हणून काय बी घालशीला व्हय?" मी परत येऊन स्वयंपाकघरात जाहीर केले की, तात्या आजपासून सभासद झाले.

आता स्वयंपाकघराचेच बोलू, कारण या कामातला खरा प्रश्न तिथे आहे आणि सभेत तो कोणी काढत नाही. समाजसेवेचा ठराव पुरुष करतात आणि पोळ्या बायका लाटतात, ही आपली जुनी रीत. डबा घेऊन जायला अर्धा तास लागतो. पंचवीस माणसांचा स्वयंपाक करायला सकाळ जाते. नेणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येते, रांधणारीच्या हाताला चटका बसतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: नेणारा स्वयंसेवक असावा, रांधणारी पगारी असावी. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांनी हजारो एकट्या कामगारांना वर्षानुवर्षे जेवू घातले. सत्तरीच्या दशकातल्या लांबलेल्या संपात पगार बंद असताना त्यांनी उधारीवर ताटे वाढली, म्हणून संप टिकला. आणि त्या संपाचा इतिहास लिहिताना त्यांची नोंद चार ओळींत आटोपली. त्या बायका सावकाराच्या कर्जात होत्या. कामगार चळवळीतल्याच प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. ज्याने कोणी डब्याचे काम अंगावर घ्यायचे मनात आणले असेल, त्याने आधी या मंडळाची हकीकत वाचावी. वाडीत तर रांधणाऱ्या हातांना तोटा नाही. यात्रेकरूंचा स्वयंपाक करणाऱ्या घरांत वीस पाने आणखी चढणे कठीण नाही. त्या पानांचे पैसे मात्र रोख आणि दर शनिवारी मिळाले पाहिजेत.

आणखी एक अवघड गोष्ट. डबा कोणाच्या घरी शिजला आणि कोणाच्या घरी गेला, हा प्रश्न निघणारच. आमच्याकडेही निघाला. एका आजींनी विचारले, "रांधलंय कुणी?" आणि दुसऱ्या एका गल्लीत डबा न्यायला एक स्वयंसेवक का-कू करू लागला. पहिल्या प्रश्नाला मी सौम्य आहे. ऐंशी वर्षांची सवय एका दुपारी सुटत नाही. त्यांना शाकाहारी हवे असेल तर शाकाहारी द्यावे, सोयरसुतकाचे दिवस सांभाळावेत, उपासाला साबुदाणा किंवा वरी द्यावी. रांधणारीची जात मात्र सांगू नये. दुसऱ्या प्रकाराला मी सौम्य नाही. ज्या जिल्ह्यात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिले आणि गिऱ्हाईक येईना तेव्हा स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेतला, बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला, त्या जिल्ह्यात डब्याला कोणतीही गल्ली वर्ज्य असता कामा नये. राजवाड्यातल्या भाषणात समता सांगणे महाराजांना सोपे होते. त्यांनी भर रस्त्यात कप हातात धरला.

जेवणात काय असावे याचे फार पाल्हाळ लावत नाही. मऊ भात, घट्ट मुगाचे वरण, घोटलेला दुधी किंवा भोपळा, ताक, चालत असेल त्याला अंडे. भाकरी हवी असेल तर दुधात कुस्करण्याजोगी पातळ. रक्तदाबवाल्याला लोणचे-पापड नको आणि मधुमेहवाल्याला तुमची प्रसिद्ध बासुंदी नको, मग त्याने कितीही आर्जव केले तरी. भात शिजल्यापासून दीड-दोन तासांत पोटात गेला पाहिजे. कोमट राहिलेल्या भातात विष धरते आणि ते पुन्हा तापवून जात नाही, म्हणून उरलेला डबा संध्याकाळसाठी ठेवू द्यायचा नाही. संध्याकाळचे वेगळे बघायचे.

आणि नेणाऱ्याने डबा दाराशी ठेवून पळायचे नाही. पाच मिनिटे बसायचे. कालचा डबा किती उरला ते पाहायचे. बोलणे अडखळते का, पायावर सूज आली का, अंथरूण ओले आहे का, गोळ्यांचे पाकीट काल होते तसेच आहे का. डॉक्टर महिन्यातून एकदा पाहतो, नेणारा रोज पाहतो. आमच्याकडे एका मावशींचा डबा तीन दिवस अर्धा परत आला, एवढ्यावरून त्यांच्या घशाचे दुखणे वेळेत कळले. कित्येकदा तर डब्यापेक्षा त्या पाच मिनिटांचीच वाट पाहिली जाते. मागे एका आप्पांनी मला सांगितले की, दिवसभरात त्यांच्या नावाने हाक मारणारे माणूस एकच, डबेवाले पोरगे.

वाडीसाठी या कामाला एक खास निकड आहे, ती पुराची. पाणी चढू लागले की गाडी येते, होडी येते, भोंगा फिरतो, "सर्वांनी सुरक्षित स्थळी जावे" असे पुकारले जाते. पुन्हा तीच पायांची अट. जो चालू शकत नाही, ज्याला भोंगा ऐकू येत नाही, तो माडीवरच्या खोलीत राहतो आणि शेजाऱ्याला वाटते, त्याला नातेवाइकांनी नेले असेल. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या काठी घरात मागे राहिलेल्यांचा शोध घेण्यात बचाव करणाऱ्यांचा किती वेळ गेला, हे इथल्या पुष्कळांनी पाहिले आहे. डबा नेणाऱ्याला मात्र ठाऊक असते की, कुलकर्ण्यांच्या बोळातल्या आजी मागच्या खोलीत झोपतात, जिना चढू शकत नाहीत, आणि त्यांना उचलायला दोन माणसे लागतात. डब्यांची वही हीच पुराच्या वेळची यादी. ती ग्रामपंचायतीत एक, पोलीसपाटलांकडे एक आणि होडी चालवणाऱ्यांकडे एक, अशी असावी. आणि छावणीत गेल्यावर मऊ भाताचा डबा तिथेही त्याच माणसाला मिळावा.

आता वैशाख चालू आहे. नदीला पाणी येईपर्यंत दोन महिने हातात आहेत. तेवढ्यात पंचवीस डब्यांचे घडवून आणू नका. पाच डब्यांचे करा. गल्लीगल्लीतून कोणाला जेवणाची अडचण आहे हे विचारायला दोघादोघांनी जावे, त्यांत एक बाई असावी, कारण एकट्या म्हातारीचे दार परक्या पुरुषाला उघडत नाही. पाच घरे ठरली की दहा नेणारे ठरवावेत, रांधणारीशी पैशाचे आधी बोलून घ्यावे, आणि मगच पहिला डबा न्यावा. नावे लिहून घ्यायला मी वही आणलेली नाही. ती वाडीतल्याच कोणीतरी आणायची आहे. सभा संपल्यावर मी पुढच्या पायरीशी थांबतो, शेवटची एस. टी. साडेनऊची आहे, तोवर ज्यांना हजेरीपट कसा आखायचा ते पाहायचे असेल त्यांना आमचा नमुना दाखवीन.